जानेवारीत घाट उतरावा

मे महिन्यात ४५ अंशांपुढे तापणाऱ्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. निफाडच्या द्राक्षबागांना अशी थंडी नवी नाही. तिथे पारा पाचाच्या खाली गेला की बागायतदार रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवतात आणि मणी तडकू नयेत म्हणून पहाटे वेलींना पाणी देतात. पुणे, अहिल्यानगर, जळगाव, परभणी इथेही डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा दहा अंशांच्या आतल्या असतात. घरातल्या वयस्कर माणसांचे सांधे आखडतात, दमेकऱ्यांना पंप सतत हाताशी लागतो, लहान मुलांचा खोकला हटत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत नाताळच्या सुट्टीचा बेत ठरवायला घर एकत्र बसलं, की पहिलं नाव निघतं मनालीचं. दुसरं काश्मीरचं. वेळ कमी असेल तर महाबळेश्वर आहेच.

गारठलेलं घर आणखी गार जागी कशाला जातं, हा प्रश्न विचारायला हवा. वर्षातून एकदा जमणारी पाच-सहा दिवसांची सुट्टी असते, त्यात तीन पिढ्या एकत्र असतात, आणि साठवलेले पैसे खर्च व्हायचे असतात.

सहलीला जायचं ते थंड हवेच्या ठिकाणी, ही सवय आपल्याला उन्हाळ्याने लावली आणि इंग्रजांनी पक्की केली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांना १८५० मध्ये माथेरान दिसलं. मुंबईच्या एप्रिल-मेच्या घामातून सुटका व्हावी म्हणून हे साहेब डोंगरावर चढत, आणि त्या हिशेबाने त्यांचं गणित बरोबर होतं. पुढे शाळांना मोठी सुट्टी मे महिन्यात मिळू लागली, मराठी मध्यमवर्गानेही त्याच वाटा धरल्या, आणि हवा खायला जाणं म्हणजे गार हवा खायला जाणं हे मनात बसलं. ऋतू बदलला तरी बेत बदलला नाही.

स्वतःच्या देशात मात्र याच इंग्रजांची रीत उलटी होती. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस नावाचं शहर आहे. तिथला समुद्रालगतचा प्रसिद्ध रस्ता आजही इंग्रजांच्या नावाने ओळखला जातो, कारण एकोणिसाव्या शतकात हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रजांच्या पुढाकाराने तो तयार झाला. थंडीत ऊब शोधायची, ही साधी समज युरोपात तेव्हापासून रुजलेली आहे. १९८७ मध्ये जर्मनीहून कोंडोर कंपनीचं पहिलं चार्टर विमान गोव्यात उतरलं आणि त्यानंतर हजारो युरोपीय माणसं आपला डिसेंबर-जानेवारी अरबी समुद्राच्या काठी घालवू लागली. अमेरिकेत मुलांकडे जाणारे मराठी आई-वडीलही याच शहाणपणाने वागतात. ते शक्यतो एप्रिल-मेमध्ये न्यू जर्सी गाठतात आणि बर्फ पडायच्या आत परत फिरतात. तीच माणसं इथे आल्यावर जानेवारीत गुलमर्गला जायला निघाली तर त्यांना थांबवायला हवं.

बर्फ पाहण्याची हौस खोटी नाही. आयुष्यात एकदा तरी तो हातात घ्यावा असं मुलांनाच काय, सत्तरीच्या आजीलाही वाटतं. पण त्यासाठी २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणारा ‘चिल्लई कलान’ हा काश्मीरचा सर्वांत कडक काळ कशाला निवडायचा? त्या दिवसांत श्रीनगरची रात्र शून्याखाली जाते, नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो. दिल्ली आणि उत्तरेच्या मैदानात दाट धुकं असतं, गाड्या आणि विमानं तासन्‌तास रखडतात, आणि सहा दिवसांच्या सहलीतला एखादा दिवस स्टेशनावर किंवा विमानतळावर जातो. गुलमर्गला बर्फ मार्चमध्येही भरपूर असतो. तेव्हा दिवस मोठा असतो आणि उन्हात जीव असतो. बर्फासाठी मार्च राखून ठेवावा.

वयस्करांच्या बाबतीत हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. गुलमर्ग २,६०० मीटरहून उंच आहे, तिथे हवाही विरळ. ज्यांच्या घरात रक्तदाबाच्या गोळ्या, स्टेंट किंवा दमा आहे, त्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हे कोणतीही सहल कंपनी ठळक अक्षरांत छापत नाही.

मग ऊब कुठे मिळेल? इथे घाईने उत्तर दिलं की फसगत होते, कारण उबदार म्हणून नावाजलेली अनेक ठिकाणं डिसेंबरात उबदार नसतात, किंवा उबदार असली तरी कोरडी नसतात.

वाळवंटाचंच बघा. वाळवंट म्हणजे ऊन, हे डोळ्यांना पटतं. म्हणून जैसलमेरच्या वाळूत नाहीतर कच्छच्या पांढऱ्या रणात तंबूत राहण्याचा बेत ठरतो. दिवसा तिथे खरोखरच सुरेख हवा असते. पण कोरडी हवा आणि निरभ्र आकाश असलं की दिवसभर साठलेली उष्णता सूर्य मावळताच वर निघून जाते. जैसलमेरची जानेवारीतली रात्र आठ अंशांच्या आसपास असते. कच्छमधलं नलिया हे तर हिवाळ्यात गुजरातमधल्या सर्वांत थंड ठिकाणांत नेहमी असतं. चांदण्यातलं रण पाहण्यासारखं आहे यात शंका नाही, पण ते पाहायला रात्री उघड्यावर उभं राहावं लागतं. पंचविशीतल्या मित्रमंडळींनी अवश्य जावं. आजोबांच्या गुडघ्यांसाठी ती जागा नव्हे.

दुसरी फसगत पूर्व किनाऱ्यावर होते, आणि ती जास्त महाग पडते. आपला पाऊस सप्टेंबरअखेर संपतो म्हणून सगळ्या देशाचा संपला असं महाराष्ट्रातला माणूस धरून चालतो. प्रत्यक्षात ऑक्टोबर ते डिसेंबर हे तामिळनाडूच्या पावसाचे दिवस. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात आणि त्या किनाऱ्यावर रिते होतात. तामिळनाडूचा वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस याच काळात पडतो. ३० डिसेंबर २०११ ला, म्हणजे नववर्षाच्या पर्यटकांनी पुदुच्चेरी भरलेलं असताना, ‘ठाणे’ नावाचं चक्रीवादळ कडलूर आणि पुदुच्चेरीच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळलं. १ डिसेंबर २०१५ च्या पावसाने चेन्नई बुडाली आणि विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे अंदमानच्या हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले, त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. १८ डिसेंबर २०२३ ला संपलेल्या चोवीस तासांत तुतुकुडी जिल्ह्यातल्या कायलपट्टिणमला ९५ सेंटिमीटर पाऊस पडला. पुण्यात आख्ख्या वर्षात त्याहून कमी पडतो.

याचा अर्थ रामेश्वर-कन्याकुमारी टाळावं असा नाही. अर्थ इतकाच, की नाताळात जाण्याऐवजी संक्रांत उलटल्यावर जावं. पोंगल होईपर्यंत तिकडचा पाऊस आवरलेला असतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हवा छान राहते. एका महिन्याच्या फरकाने तेच ठिकाण चुकीचं किंवा बरोबर ठरतं.

परदेशात तर हा फरक आणखी ठळक होतो. नाताळात बालीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढते आहे. पण बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च हा तिथला पावसाळा. थायलंडच्या पश्चिमेकडचे फुकेत आणि क्राबी डिसेंबरात कोरडे आणि झळझळीत असतात, तर पूर्वेकडच्या आखातातलं सामुई बेट नोव्हेंबर-डिसेंबरात भिजत असतं. श्रीलंकेत याच महिन्यांत गॉल आणि बेंटोटाचा नैर्ऋत्य किनारा चांगला, त्रिंकोमालीचा वाईट. जूनमध्ये बरोबर उलट. व्हिएतनाममध्ये दक्षिणेकडच्या फू क्वोक बेटावर ऊन असतं तेव्हा हनोईत लोक जाड कोट घालून फिरतात. दुबईची हवा सुखद असते, पण जानेवारीत तिथल्या समुद्रात उतरलं तर अंगावर काटा येतो. देशाचं नाव पाहून तिकीट काढणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. किनारा कोणत्या बाजूचा आणि महिना कोणता, या दोन गोष्टी आधी नकाशावर बघायला हव्यात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे रात्रीचं तापमान. बहुतेक जण ठिकाण निवडताना दुपारचा आकडा बघतात. जानेवारीत पुण्याची दुपार तीस अंशांच्या आसपास असते, रत्नागिरीचीही एकतीसच्या आगेमागे. दुपारचा आकडा पाहिला तर पुणेकराने घर सोडायचं कारणच नाही. फरक पडतो तो सूर्य बुडाल्यावर. पुण्याची सरासरी किमान अकरा अंशांजवळ जाते, रत्नागिरी अठरा-एकोणिसावर थांबते, पणजी विसावर. दख्खनवर दिवस आणि रात्र यांत अठरा-वीस अंशांची दरी असते. तीच शरीराला सोसत नाही.

कोकणाला ही ऊब समुद्र देतो. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. किनाऱ्याजवळच्या समुद्राचं तापमान ऐन जानेवारीतही पंचवीस-सत्तावीस अंशांच्या घरात असतं, त्यामुळे शेजारची जमीन फार गार होऊ शकत नाही. त्यातच हवेत ओल असते, आणि ओलसर हवा रात्री उष्णता सहज सोडत नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहेच. पहाटे डोंगराकडून समुद्राकडे हलका मतलई वारा वाहतो, दुपारी तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा येतो. दुपारच्या उन्हाची धार या खाऱ्या वाऱ्याने कमी होते.

हे सगळं अनुभवायचं तर घाट रस्त्याने उतरावं. कोल्हापूरहून पहाटे निघून आजऱ्यामार्गे आंबोली गाठली तर सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या त्या गावात धुकं असतं, चहाच्या टपरीवर माणसं शेकोटीभोवती उभी असतात, गाडीच्या काचा आतून भिजलेल्या असतात. तिथून वळणं उतरत सावंतवाडीकडे निघालं की दाणोली येईपर्यंत स्वेटर निघतो. सावंतवाडीत खिडक्या उघडतात. वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत मुलं समुद्रात जायची घाई करू लागतात. एका सकाळीत दोन ऋतू पार होतात. विमानाने हजारो किलोमीटर जाऊन जे मिळतं ते कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या माणसाला काही तासांत मिळतं. फोंडा घाट, कुंभार्ली, ताम्हिणी या वाटाही हेच देतात, फक्त उतरण्याची जागा बदलते.

पण कोकण म्हणजे सगळं सारखं, असंही समजू नये. दापोलीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुण्या-मुंबईचे पर्यटक ‘दापोलीला समुद्रावर’ म्हणून निघतात आणि दापोली गावातच खोली घेतात. दापोली पठारावर आहे. तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. तिथल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत हिवाळ्यात दहा अंशांच्या आसपासच्या पहाटा अनेकदा नोंदल्या जातात. तिथून पंधरा-एक किलोमीटर खाली हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर ही गावं आहेत आणि तिथली रात्र कितीतरी उबदार असते. ऊब हवी असेल तर खोली किनाऱ्यावरच्या गावात घ्यावी, सड्यावरच्या नव्हे. चौकशीच्या फोनवर भाड्याबरोबर हेही विचारावं.

रायगडचा किनारा मुंबई-पुण्याला जवळ आहे, दोन दिवसांसाठी चांगला आहे, आणि जानेवारीत तिथे पोपटी असते. कोवळ्या वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, मसाला लावलेली कोंबडी हे सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात बसवून मडक्यात भरायचं, पाण्याचा थेंबही घालायचा नाही, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. शेंगा, पाला आणि रात्रीची हलकी थंडी या तीन गोष्टी एकत्र जुळतात त्या याच दिवसांत. मे महिन्यात अलिबागला गेलेल्याला ती मिळत नाही.

चार-पाच दिवस हाताशी असतील तर मात्र थेट सिंधुदुर्ग गाठावा. देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले, शिरोडा ही ओळ हिवाळ्यासाठीच असावी असं वाटतं. आंब्याला मोहर आलेला असतो. मोहराला रात्रीचा थोडा गारवा लागतो, आणि तेवढाच गारवा तिथे असतो. माणसाला चादर पुरते. देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी उरते, तिथे सकाळी नदीच्या अंगाला बसावं आणि संध्याकाळी समुद्राच्या. समुद्र शांत असल्याने मालवणच्या पाण्यात खडक आणि मासे स्पष्ट दिसतात, पाण्याखाली डोकावण्याचे खेळ याच महिन्यांत करावेत. पावसाळ्यात बंद असलेल्या होड्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जात असतात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला ४८ एकरांवर पसरलेला आहे, आत राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि काही कुटुंबं अजूनही तिथे राहतात. मेच्या उन्हात त्याच्या तटावरून चालणं ही शिक्षा असते. जानेवारीत सत्तरीचा माणूसही अर्धा तट सावकाश फिरू शकतो.

शिरोड्याला तर वाचणाऱ्या माणसाने जायलाच हवं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, आणि वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं तिथल्या शाळेत शिकवलं. गाव आजही शांत आहे, सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जाता येतं. रात्री आसपासच्या एखाद्या गावात जत्रा असेल तर दशावतार पाहायला मिळतो. कार्तिकापासून सुरू होणारा जत्रांचा हंगाम या दिवसांत भरात असतो, आणि देवळासमोर उघड्यावर पहाटेपर्यंत बसून नाटक बघता येतं, कारण रात्र बसू देते.

या सगळ्याला अपवाद असतात. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखी वादळाच्या प्रभावाने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर लाटा चढल्या होत्या आणि मुंबईत पाऊस पडला होता. १ डिसेंबर २०२१ लाही मुंबईसह कोकणात अवकाळी कोसळला. ही उदाहरणं डिसेंबरच्या सुरुवातीची आहेत. जानेवारी जवळजवळ कोरडा असतो. म्हणून हवामानाच्या बाजूने विचार केला तर मकरसंक्रांतीनंतरचे तीन-चार आठवडे सर्वांत भरवशाचे. खर्चाच्या बाजूनेही तेच. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात गोव्यात आणि मालवणात खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात, रस्ते तुंबतात, खानावळीत रांग लागते, आणि यजमानालाही पाहुण्याशी चार शब्द बोलायला सवड नसते. ज्यांना शाळेच्या सुट्टीमुळे नाताळच साधायचा आहे त्यांचा नाइलाज. पण नुसते मोठे जाणार असतील, किंवा आजी-आजोबांनाच पाठवायचं असेल, तर त्या गर्दीत शिरण्याचं काही कारण नाही. गोवाच हवा असेल तर दक्षिणेकडच्या काणकोण तालुक्यातले पाळोळे, आगोंद हे किनारे धरावेत.

विदर्भाला कोकण लांब पडतं, हे खरं. नागपूर, गोंदियाच्या माणसाला समता एक्स्प्रेसने विशाखापट्टणम गाठता येतं. जानेवारीत पूर्व किनाऱ्याचा तो भाग कोरडा असतो, रात्र सतरा-अठराच्या खाली सहसा जात नाही. फक्त तिथून अरकूच्या खोऱ्यात मुक्कामाला जाण्याआधी विचार करावा. ते डोंगरात आहे आणि तिथे पुन्हा गारठा गाठतो.

शांत दिसणाऱ्या हिवाळी समुद्राबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगडमधल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातून आलेल्या मुलांपैकी दहाहून अधिक जण बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. भरती-ओहोटीची माहिती नसणं एवढंही जीव घ्यायला पुरतं. किनाऱ्यावरच्या लोकांकडे तिथीवरून भरतीची वेळ काढायचा सोपा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागायचं. चतुर्थीला उत्तर येतं तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो, इतरत्र थोडा मागेपुढे होतो. पाणी ओसरत असताना खोल जाऊ नये, आणि गावातला माणूस ‘इथे नको’ म्हणाला की वाद न घालता बाहेर यावं.

सरकारचं कामही इथेच उरलेलं आहे. गोव्याने २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था उभी केली. महाराष्ट्राचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब, आणि जीवरक्षक मोजक्याच ठिकाणी दिसतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची तर एक पिढी वाट बघते आहे. २०११ मध्ये सुरू झालेलं काम दशक उलटून गेलं तरी रेंगाळत राहिलं. सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण भरवशाची आणि परवडणारी विमानसेवा मिळाली तरच त्याचा उपयोग. गोव्यातल्या मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि दक्षिण सिंधुदुर्गाला तो जवळचा पडतो. पर्यटन विभाग कोकणाची जाहिरात करतो ती बहुधा गणपतीची आणि आंब्याची. जानेवारीतल्या उबदार रात्रीची जाहिरात कोणी करत नाही, आणि त्यामुळे घरगुती निवास चालवणाऱ्या माणसाचं उत्पन्न मे महिना आणि नाताळाचा आठवडा यांत अडकून राहतं. नाताळानंतरचे दोन महिने खोल्या रिकाम्या असतात. हवा तेव्हाच सर्वांत चांगली असते.

पाहुण्यांनीही काही पाळायला हवं. किनाऱ्यावर गाडी घालू नये. ती वाळूत रुतते, आणि हिवाळा हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ आहे. वेळासपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेक गावांतली माणसं ही घरटी राखतात. जेवणाची वर्दी आदल्या दिवशी द्यावी, म्हणजे सकाळी लिलावात आलेला ताजा मासा ताटात येतो. शाकाहारी माणसांनी संकोच करू नये, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी यांवर चार दिवस आनंदात जातात. वयस्कर बरोबर असतील तर खोली तळमजल्यावर मागावी, पाश्चात्त्य पद्धतीचं शौचालय आहे का ते विचारावं, आणि सर्वांत जवळचं रुग्णालय किती लांब आहे हे निघण्याआधी माहीत करून घ्यावं. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले यांच्या जवळ राहिलं तर ही चिंता बरीच कमी होते.

प्रवासाला कोकण रेल्वे सर्वांत सोयीची. कुडाळ, सिंधुदुर्ग, कणकवली, सावंतवाडी यांपैकी कुठेही उतरता येतं, आणि वयस्करांना महामार्गावरच्या धक्क्यांपेक्षा रेल्वेचा बर्थ केव्हाही बरा. रेल्वेने नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली आहे. म्हणजे २० जानेवारीला निघायचं असेल तर तिकिटं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उघडतात. दिवाळीचा फराळ संपायच्या सुमारास घरात हा विषय काढला आणि कोण कोण येणार ते ठरवलं, तर खालचे बर्थही मिळतात आणि किनाऱ्याजवळची तळमजल्यावरची खोलीही.